फुगवट्याकाठचं जुनं घर: डागडुजी, मजबुती की पाडून नवं?

हतनूर धरणाच्या फुगवट्याकाठी (धरणामुळे मागे साचणाऱ्या पाण्याच्या काठी), जळगाव जिल्ह्यात चांगदेव-मेहूणच्या बाजूला, मातीत रचलेल्या विटांची धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं अजून उभी आहेत. आजच्या नियमांत बसत नाही असं घर दुरुस्तीला काढलं की मिस्तरी हमखास म्हणतो, "पाडा न् नवं बांधा, खर्च सारखाच." खर्चाचं गणित बरोबर असेलही. पण भिंत पडली की जुनेपणाची सवलतही जाते, हे त्याच्या अंदाजपत्रकात नसतं.

म्हणून आधी जागा बघा. धरणाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावरची पाण्याची उंची, 214 मीटर आहे. घराचा गट धरणासाठी संपादित झाला असेल तर तिन्ही पर्याय तिथेच संपले. घरपट्टीची पावती दाखवून काही होत नाही. ती कर भरल्याचा पुरावा, बांधकाम अधिकृत असल्याचा नव्हे.

चांगदेवाचं मंदिर केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या हद्दीपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. 16 जून 1992 पूर्वीपासून असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते, पण कायद्यातल्या 'दुरुस्ती'त पुनर्बांधणी येत नाही. त्याच लांबी-रुंदीचं, त्याच उंचीचं घर पुन्हा उभारणं हीच पुनर्बांधणी! "होतं तेवढंच बांधतोय" हा युक्तिवाद इथे उलटा अंगावर येतो. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीने नवंही बांधता येतं.

नदीची पूररेषा आखलेली असेल तिथे राज्याची 2020 ची एकत्रित नियमावली पाहायची. त्यात दोन रेषा असतात: नदीलगतची निळी, आणि मोठ्या पुराची हद्द दाखवणारी लाल. निळ्या रेषेच्या आत नवं घर नाही. अधिकृत जुन्याचा पुनर्विकास मात्र लाल रेषेच्या वर किमान 0.45 मीटर उंचीवर, पाटबंधारे खात्याच्या ना-हरकतीने होऊ शकतो. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यातही तीच 0.45 मीटरची अट. म्हणजे नव्याचा खर्च मांडताना भरावाचा किंवा खांबांचा आकडा धरा.

डागडुजी सर्वांत स्वस्त, पण चुकीच्या मालाने तीच सर्वांत महाग पडते. लोणा लागलेल्या (ओलीने क्षार फुटलेल्या) भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती वर चढते आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे विटेची साल घेऊन निघतात. ओलीच्या रेषेच्या वर फूटभर गिलावा खरवडायचा, सांधे 20-25 मिलिमीटर खोल कोरायचे आणि चुना-वाळू 1:3 ने भरायचे.

धाब्यावर दरसाल नवी माती टाकायची सवय मोडा. 100 चौरस फुटांवर इंचभर माती म्हणजे सुमारे पावणेचारशे किलो. जुनी न काढता सात-आठ थर साचले की सर (छत पेलणारी लाकडी तुळई) वाकतो. त्याचं भिंतीत शिरलेलं टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेलं तर टेकू लावून सर बदला. धाब्याच्या जागी पत्रा टाकायचा असेल तर घराची उंची वाढू देऊ नका, आणि पत्रा वाऱ्याने उचलू नये म्हणून भिंतीत खोलवर अँकर घ्या. मातीचं वजन गेलेलं असतं.

मजबुतीकरण तेव्हाच, जेव्हा तड पायापासून तिरकी वर गेली आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फुगवट्याकाठी हा खेळ दरवर्षी चालतो. तडीवर काचपट्टी चिकटवून एक पावसाळा थांबा. पट्टी फुटली नाही तर पाया उकरू नका. फुटली तर 1 ते 1.2 मीटरच्या टप्प्यांत पाया खाली न्या. शेजारशेजारचे दोन टप्पे एकदम उघडले की भिंत बसते. काम मार्च ते मे, पाणी उतरलेलं असताना.

आमचा कल असा: तीन बाहेरच्या भिंती ओळंब्यात असतील तर डागडुजी किंवा मजबुतीच घ्या. दोनपेक्षा जास्त ढळल्या असतील आणि जागा 100 मीटरच्या बाहेर असेल, तर पूररेषेचा नकाशा पाहून नव्याचा विचार. प्रस्तावात "आवश्यकतेनुसार भिंत काढणे" असं मोघम वाक्य असेल तर सही करू नका. कोणती भिंत, किती फूट, हे लिहून घ्या आणि प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप लावून, काम सुरू होण्याआधी काढा.