दुसरा गाल की घराचं दार?

घरावर हल्ला झाला तर ख्रिस्ती माणसाने बचावासाठी बळ वापरावं का? "दुष्टाला अडवू नका", एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, हे येशूचं डोंगरावरचं वचन (मत्तय ५:३९) हिंसा नाकारणारा ख्रिस्ती पंथ असलेली मेनोनाइट मंडळी शब्दशः पाळत आली. त्यांच्याच अॅनाबॅप्टिस्ट परंपरेतला (बाप्तिस्मा मोठेपणीच घ्यावा असं मानणारी, त्या काळी छळ सोसलेली ख्रिस्ती चळवळ) डर्क विलेम्स नेदरलँड्समध्ये कैदेतून पळाला. गोठलेल्या पाण्यावरून तो पार झाला. पाठलाग करणारा मात्र बर्फ फुटून बुडू लागला. डर्क मागे फिरला, त्याला बाहेर काढलं, पकडला गेला आणि १५६९ मध्ये जिवंत जाळला गेला. हे वाचताना दर वेळी माझा गळा दाटून येतो.

बळाने बचाव योग्य मानणारी दुसरी बाजू बायबलमधल्या निर्गम २२ वर उभी आहे. रात्री घर फोडणारा चोर मारला गेला तर रक्तपाताचा दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारला तर मात्र आहे. म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रातही चोराच्या जिवाला किंमत आहेच! मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसनेही स्वसंरक्षण मान्य केलं, पण गरजेपुरत्याच बळाने.

लूक २२ मध्ये येशू तलवार घ्यायला सांगतो आणि शिष्य दोन तलवारी दाखवतात; हा प्रसंग दोन्ही पक्ष आपल्याकडे ओढतात. तिथे मला बचाववाद्यांचं म्हणणं लंगडं वाटतं, कारण त्याच रात्री तलवार चालल्यावर येशूने शिष्यांना थांबवून जखमी कान बरा केला.

स्वतःपुरतं मला डर्कचं पटतं. पण आतल्या खोलीत लेकरू झोपलेलं असेल तर मी दारात आडवा उभा राहीन.