लुआंटी, आठ महिन्यांनंतर: जुना लॅपटॉप आणि आमचा आयर्विन पूल

लॅपटॉप अडकायला लागला म्हणून दुकानात नेला, तर तिथं उघडायच्या आधीच निकाल मिळाला: "ह्यात गेम चालायचा नाही, नवीनच घ्या." चाळीस हजारांचा आकडा ऐकून तसाच घरी आलो. 4 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, हे मान्य. पण लुआंटी फुकटचं, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. त्याच्यापायी चाळीस हजार घालायचे हे काही पटेना. म्हणून सेटिंग्जच्या मागे लागलो.

लुआंटी म्हणजे पूर्वीचं माइनटेस्ट, ठोकळे रचून जग बांधायच्या गेमांसाठीचं. 2024च्या ऑक्टोबरात नाव बदललं, सेटिंगची फाइल मात्र अजून जुन्याच नावाची आहे. हे नुसतं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा सांगाडा; गेम आतूनच वेगळा उतरवून घ्यावा लागतो. आम्ही 'माइनटेस्ट गेम' नावाचाच घेतला.

सहावीतली लेक त्यात सांगलीचा आयर्विन पूल बांधतेय. कमानी, कठडे, खाली कृष्णा, एका बाजूला घाटावरची झाडं. लांबी 120 ठोकळे. व्ह्यूइंग रेंज, म्हणजे किती ठोकळ्यांपर्यंतचं दिसावं ते, मुळात 190 असते, त्यावर एफ5 दाबून बघितलं तर 11 एफपीएस, म्हणजे सेकंदाला 11 चित्रं. 60 वर आणली तर 30 मिळाले, पण पूल अर्ध्यातच धुक्यात गेला. "बाबा, पलीकडचं टोक कुठं गेलं?" हा प्रश्न मी तीन महिने ऐकला. अधिक-उणेची बटणं दाबून रेंज कमीजास्त करायची, एवढंच हातात होतं. त्या काळात कुणी विचारलं असतं, तर ह्या इंजिनचं ग्राफिक्स कच्चं आहे असंच मी सांगितलं असतं.

ते मत मी आता मागे घेतो. खरा भार पुलाचा नव्हताच, झाडांचा होता. पानांच्या ठोकळ्यांना भोकं असतात, त्यामुळं आतली पानंही पडद्यावर रेखाटावी लागतात. पानांच्या दिसण्याचं सेटिंग, लीव्ज स्टाइल, 'ओपेक' (अपारदर्शक) केलं आणि आतलं सगळं रेखाटायचं काम वाचलं. वर अंडरसॅम्पलिंग 2 केलं: चित्र कमी रिझोल्यूशनला बनतं, मेनूची अक्षरं तेवढीच स्पष्ट राहतात. आता रेंज 130, एफपीएस 27 ते 30, आणि पुलाची दोन्ही टोकं एका नजरेत. झाडं भरीव, गोळ्यांसारखी दिसतात. चालतंय की. सावल्या चालू करून बघितल्या, 7 एफपीएस. बंद केल्या.

आवाजाचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं. गणपती मंदिरातली घंटा एका सकाळी फोनवर रेकॉर्ड केली आणि लुआ भाषेत छोटा मॉड, म्हणजे गेममध्ये भर घालणारा कोड, लिहून दर मिनिटाला वाजणारा ठोकळा केला. वाजली, पण कुठूनही सारखीच! पुलाखाली उभं राहा नाहीतर पलीकडं, कानात तीच. दोन आठवडे मी कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक फाइलमध्ये होती. आवाज कुठल्या दिशेनं आला हे कळायला ऑग ही आवाजाची फाइल एकाच चॅनलची, म्हणजे मोनो लागते; माझी स्टीरिओ, दोन चॅनलची होती. ऑडॅसिटी ह्या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये मोनो केली, पुन्हा टाकली, हेडफोन लावून पुलावर चढलो. घंटा उजव्या कानात. मान वळवली की डाव्या. मग ती 32 ठोकळ्यांपलीकडं ऐकूच येईना, कारण इंजिनची मूळ मर्यादाच तेवढी आहे. मॉडमध्ये ती 100 केली. आता पुलावरून चालत आलं की घंटा हळूहळू मोठी होत जाते, अगदी घाटाकडं येताना होते तशी. आठ महिन्यांत एवढा आनंद मला दुसऱ्या कशानं झाला नाही.

एक तक्रार उरलीच. फाइल स्टीरिओ आहे हे गेम चालू असताना समोर कुठंच दिसलं नाही. स्क्रीनवर एक ओळ आली असती तरी माझे दोन आठवडे वाचले असते.

दुकानात परत गेलो नाही. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, त्यामुळं लेक सध्या कृष्णेच्या पुराची धोक्याची पातळी, 45 फूट, मोजतेय. 14 ठोकळ्यांवर लाल पट्टी आली आहे, 2019च्या महापुराची 57 फुटांवरची खूण त्याच्या वर यायची आहे.