1674 सालची म्हणून विकलेली गणेशपट्टी

पुण्यातील एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याने मला सागवानी गणेशपट्टी ‘शिवकालीन’ म्हणून विकली आणि सोबत कार्बन कालमापनाचा अहवाल दिला. त्यात साल छापले होते इ.स. 1674, अधिक-उणे 5 वर्षे. नेमके राज्याभिषेकाचेच वर्ष लाकडाच्या पोटातून निघावे, हा योगायोग नव्हता. गिऱ्हाइकाला काय ऐकायला आवडते ते विक्रेत्याला पक्के ठाऊक होते.

अहवालाचा खोटेपणा त्यातील आकड्यांनीच उघड होतो. झाडाचे वलय तयार झाले की त्यात हवेतला नवा कार्बन-14, म्हणजे हळूहळू क्षय पावणारा किरणोत्सर्गी कार्बन, येणे थांबते आणि असलेला 5730 वर्षांत निम्मा होतो. मूळ प्रमाणाला उरलेल्या प्रमाणाने भागून आलेल्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यावा आणि त्याला 8267 ने गुणावे, म्हणजे ढोबळ वय मिळते. अहवालात उरलेले प्रमाण 92 टक्के दिले होते. त्यावरून वय सुमारे 690 वर्षे येते. साडेतीनशे वर्षांच्या लाकडात ते जवळपास 96 टक्के असायला हवे.

हे गणित जुळले असते तरी ‘अधिक-उणे 5’ पटण्यासारखे नव्हते. हवेतील कार्बन-14 चे प्रमाण पूर्वापार सारखे राहिलेले नसल्याने मोजलेले वय वृक्षवलयांच्या आधारे आखलेल्या वक्राशी ताडून पाहावे लागते, आणि साधारण 1650 नंतर हा वक्र इतका वरखाली होतो की सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील लाकडाची मोजणी अनेकदा अठराव्या आणि विसाव्या शतकातही बसते. म्हणून प्रामाणिक प्रयोगशाळा एकच साल न छापता प्रत्येक शक्य कालखंड त्याच्या संभाव्यतेसह देते. कहर म्हणजे पट्टीवरच्या पितळी कड्यांचे वयही याच पद्धतीने काढल्याचे लिहिले होते. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणात कालमापनाला लागणारा सेंद्रिय कार्बन कुठून येणार?

खरा अहवालही पुरेसा नसतो. जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया विकल्या जातात, आणि अशा तुळईवर परवा कोरलेला गणपतीसुद्धा तपासणीत ‘जुना’च ठरतो, कारण तपासणी लाकडाची होते, कोरीव कामाची नव्हे. कोलंबसाच्या आधीचा अमेरिकेचा नकाशा म्हणून गाजलेल्या, येल विद्यापीठातील ‘विनलँड नकाशा’चे चर्मपत्र खरोखर पंधराव्या शतकातील निघाले, पण शाईत विसाव्या शतकातले टायटेनियमयुक्त रंगद्रव्य सापडले आणि 2021 मध्ये विद्यापीठाने तो बनावट असल्याचे जाहीर केले. माझ्या पट्टीच्या पाठीवर तर गोल यांत्रिक करवतीचे कमानदार ओरखडे आहेत.

शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू विकण्याचा व्यवसाय करण्यास 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार परवाना लागतो. या विक्रेत्याकडे तो नाही, आणि पावतीवर त्याने ‘लाकडी शोभेची वस्तू’ एवढेच लिहिले आहे. आता तो म्हणतो की वस्तू जुनी असल्याचे आपण कधी सांगितलेच नव्हते. मात्र अहवालाच्या प्रत्येक पानावर त्याच्या दुकानाचा शिक्का आहे, आणि ग्राहक आयोगाकडील तक्रारीला तीच पाने जोडली आहेत.