तिकिटाविना लक्झेंबर्ग: एका लातूरकर प्रवाशाचा अभिप्राय

लातूर ते निलंगा अशी वर्षानुवर्षे एस.टी.ने जा-ये केलेल्या माणसाचा हात गाडीत चढताच आपोआप सुट्या पैशांकडे जातो. मुलाच्या नोकरीमुळे आम्ही उभयता तीन आठवडे लक्झेंबर्गला राहिलो, तेव्हा पहिले काही दिवस माझा हात असाच खिशात जाऊन रिकामा परत येत होता. १ मार्च २०२० पासून त्या देशात बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सर्वांना मोफत आहे, मग प्रवासी तिथला नागरिक असो की आमच्यासारखा पाहुणा. आपल्याकडे पंचाहत्तरी उलटलेल्यांना एस.टी. मोफत आहे, पण आधार कार्ड दाखवून शून्य रुपयांचे तिकीट घ्यावे लागते. तिथे तेवढाही सोपस्कार नाही.

देशाचे क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे मराठवाड्यातल्या सर्वांत लहान हिंगोली जिल्ह्याहूनही कमी. त्यामुळे एका दिवसात रेल्वेने उत्तर-दक्षिण टोके पाहून मुक्कामी परतता येते. उत्तरेचा एसलिंग हा आर्देन डोंगररांगांचा, दाट झाडीचा आणि विरळ वस्तीचा भाग. तिथे बोगदे आणि नदीची वळणे पाहण्यातच वेळ जातो. मात्र त्या भागातल्या खेड्यांकडे जाणारी बस चुकली, तर पुढच्या बसची बराच वेळ वाट पाहण्याची तयारी ठेवावी. राजधानीतल्या ट्रामची गोष्ट वेगळी: ती दर काही मिनिटांनी येते, पुढची किती वेळात येईल हे थांब्यावरच्या फलकावर दिसते आणि तसे घडतेही. भाडे माफ असण्यापेक्षा मला या खात्रीचे मोल अधिक वाटले, कारण फुकटची पण बेभरवशाची गाडी कामावर जाणाऱ्याच्या काही उपयोगाची नसते.

दक्षिणेतला एश गावाकडचा प्रवास मी सर्वांत आवडीने केला. इथली माती लोहखनिजामुळे तांबडी आहे. या खनिजात फॉस्फरस जास्त असल्याने त्यापासून चांगले पोलाद होत नसे. १८७९ च्या सुमारास लोखंडातला फॉस्फरस काढून टाकणारी थॉमस पद्धत आली आणि ही अडचण दूर झाली. त्या प्रक्रियेत उरणारी फॉस्फरसयुक्त धातुमळी दळून शेताला खत म्हणून विकली जाई, हे ऐकून माझ्यातला शेतकरी सुखावला. शेवटची खाण १९८१ मध्ये आणि खनिजातून लोखंड वितळवून काढणारी शेवटची झोतभट्टी १९९७ मध्ये बंद झाली. आज एशच्या बेलव्हाल स्थानकात उतरले, की गंजलेल्या दोन प्रचंड भट्ट्या आणि त्यांच्या पायथ्याशी विद्यापीठाच्या नव्या इमारती एकाच नजरेत येतात. भट्टीच्या लोखंडी जिन्याखाली एक विद्यार्थिनी डबा उघडून बसली होती.

पोलादाची जागा आता पैशाच्या व्यवहाराने घेतली आहे. राजधानीच्या किर्शबर्ग पठारावर बँका, गुंतवणूक निधींची (म्युच्युअल फंडांसारख्या) कार्यालये आणि युरोपीय संघाचे न्यायालय आहे. गुंतवणूक निधींच्या व्यवसायात हा चिमुकला देश युरोपात पहिला आहे. या उत्पन्नामुळेच मोफत प्रवास परवडतो. शिवाय तिकिटांतून सेवेच्या खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा निघत होता, तेव्हा सरकारने फार मोठ्या रकमेवर पाणी सोडले असेही नाही. आपल्या एस.टी.ला मात्र तिकिटाच्या पैशावरच डिझेल भरावे लागते, त्यामुळे तिथला कित्ता इथे जसाच्या तसा गिरवता येणार नाही.

सकाळच्या गाडीत माणसे न्याहाळण्यासारखी असतात. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या घरात, त्यातले निम्म्याच्या जवळपास परदेशी नागरिक, आणि त्यांत पोर्तुगीज सर्वाधिक. त्याखेरीज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून दोन लाखांहून अधिक लोक रोज कामाला येतात व संध्याकाळी घरी परततात. माझ्या शेजारच्या बाई फोनवर पोर्तुगीज बोलल्या, तपासनीसाशी फ्रेंच आणि मैत्रिणीशी लक्झेंबर्गी. तपासनीस कशाला, असे वाटेल. पहिल्या वर्गाला अजूनही तिकीट लागते. मी नकळत तिथेच बसलो होतो, त्यांनी हसून मला पुढच्या डब्याची वाट दाखवली.

या सेवेतली खरी त्रुटी सीमेवर कळते. सवलत देशाच्या हद्दीपुरतीच असल्याने, परदेशातून येणाऱ्या कामगारांना आपल्या बाजूचे भाडे मोजावेच लागते. त्यांतले अनेकजण मोटार घेऊन येतात आणि संध्याकाळी महामार्गावर वाहनांची रांग लागते ती लागतेच. आम्हीही एकदा जर्मनीतले ट्रियर पाहायला निघालो. मोसेल नदीकाठी, सीमेलगतच्या वासरबिलिग स्थानकावर उतरून पुढचे तिकीट काढायला यंत्रापुढे उभे राहिलो, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, सुटे आहेत ना?” बारा दिवस खिशात खुळखुळणारी नाणी मी पहिल्यांदाच बाहेर काढली.