डायनाको एसटी-70, सात महिन्यांनंतर: चटका नक्की कशाचा?

न्यू जर्सीच्या मेहुण्याने घर बदलताना दिलेला हा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा स्टिरिओ अ‍ॅम्प, साडेचौदा किलोंचा, मी पुण्याला आणला. कपॅसिटर, रेझिस्टर तिकडेच बदललेले. आवाजाबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. मला बोलायचंय ते पॉवर ट्रान्सफॉर्मरबद्दल, म्हणजे भिंतीतून येणारी वीज अ‍ॅम्पला हव्या त्या व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या ठोकळ्याबद्दल.

मे महिन्यात दोन एलपी झाल्या की त्याच्यावर बोट ठेवून तीनपर्यंतही मोजता येईना. वर गरम वार्निशचा वास. बायको म्हणाली, "इस्त्री चालू राहिलीय का?" कोरोनाच्या वेळची कपाळाची बंदूक रोखली, तर ती नुसती 'हाय' दाखवून गप्प. शेवटी दुसरी घेतली: 83 अंश. तेही बाहेरच्या कवचावर, आतली गुंडाळी त्याहून गरम.

दुरुस्तीवाल्या काकांनी झाकणही न उघडता निकाल दिला, "वाइंडिंग गेलंय. नवं बांधतो, नऊ हजार." अमेरिकेहून मागवायचा तर त्या वजनाचं कुरिअर, वर कस्टम. मेहुण्याला फोनवर चार शब्द सुनावले.

नऊ हजार जिवावर आले म्हणून सगळे व्हॉल्व्ह काढून अ‍ॅम्प नुसता चालू ठेवला. लोड काहीच नाही, तरी तासाभरात चांगला गरम! मग मीटर लावला. अमेरिकन अ‍ॅम्पसाठी आपली वीज उतरवून देणारा, 110 लिहिलेला आमचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर रात्री अकराला 126 देत होता, कारण तेव्हा घरात 246 येतात. अ‍ॅम्प 117 व्होल्ट, 60 हर्ट्झच्या देशातला, आपल्याकडे 50. व्होल्टेज जास्त किंवा हर्ट्झ कमी झाले की ट्रान्सफॉर्मरच्या कोरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला, चुंबकीय फ्लक्स वाढतो आणि गाभा तापतो. दोन्ही धरून तो जवळजवळ तीस टक्के जास्त. गुंडाळीचा काही दोष नव्हता. मेहुण्याला पुन्हा फोन केला, या वेळी जरा खालच्या आवाजात.

जुन्या बाजारात चौदाशेला डिमरस्टॅट मिळाला, म्हणजे मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर. तो स्टेपडाउनच्या आधी लावला. थेट अ‍ॅम्पला लावला असता तर मुलीने एकदा मूठ फिरवली की कोळसा. बाहेर 112 येतील असं ठेवलं. 50 हर्ट्झची पूर्ण भरपाई करायला 98च्याही खाली यावं लागतं, पण मग व्हॉल्व्हना आतून तापवणारे 6.3 व्होल्टचे हीटर सव्वापाचवर येतात. ते व्हॉल्व्हला बरं नाही. 112ला हीटर 6 व्होल्टवर राहतात. बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून सतत किती करंट वाहायचा ते ठरवणारी सेटिंग, 1.56 व्होल्टवरून 1.30 केला. आवाजातला फरक मला कळला नाही, बायकोला तर मुळीच नाही.

आता 68 अंश, बोट दहापर्यंत टिकतं. कॉम्प्युटरचा पंखाही सात व्होल्टवर लावून पाहिला, आणखी पाच अंश उतरले. पण आलापात त्याची घुंघुं ऐकू यायला लागली, काढून टाकला.

मीटर मात्र कायमचा लावून ठेवलाय. रात्री उशिरा शेजारचे एसी बंद झाले की व्होल्टेज चढतं. 118 दिसले की एलपीची दुसरी बाजू सकाळी.