बर्फातला सौदा : जुना कॅम्पर घेताना आम्ही कसे फसलो

मागच्या जानेवारीत मिशिगनमध्ये एका माणसाने आम्हाला ६,८०० डॉलरला कुजलेलं लाकूड विकलं. बाहेरून पत्रा होता, आतून ताजा रंग होता, आणि हवा उणे बारा अंशांची होती, म्हणून आम्हाला कळलं नाही. हे लिहायला बसायला मला जवळजवळ वर्ष लागलं. आता लिहितोय, कारण तो माणूस अजून विकतोय.

आई-बाबा उन्हाळ्यात सांगलीहून यायचे होते. बाबांचे गुडघे गेलेत, आईला बाथरूम सतत जवळ लागतं. त्यांना मॅकिनॉचा पूल ओलांडून लेक सुपीरियरच्या काठाकाठाने न्यायचं, रोज नवं मोटेल आणि नवा जिना नको, म्हणून गाडीमागे ओढता येईल असा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा ठरवलं. इथे सगळे त्याला कॅम्परच म्हणतात. नवा परवडणारा नव्हता. जुना घेऊ, हिवाळाभर घरीच दुरुस्त करू, मे महिन्यापर्यंत तयार होईल, असा बेत. आमचं घर जरा गावाबाहेर आहे, अंगणात काय ठेवायचं यावर सोसायटीची बंधनं नाहीत. फोनवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे दिंडीच्या ट्रकसारखंच की! सामानसुमान बरोबर, मुक्काम पडेल तिथे चूल." ते ऐकल्यावर तर मी उतावीळच झालो.

जाहिरातीत १९८९ चा, १६ फुटी कॅम्पर होता. पत्ता नव्हता. एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटायचं ठरलं, कारण "घराकडचा रस्ता बर्फाने बंद आहे." माणूस बोलायला इतका चांगला की काय सांगू. माझ्या लेकीला त्याने गरम चॉकलेट आणून दिलं.

मी अगदीच कोरा गेलो नव्हतो. जुन्या कॅम्परचा सांगाडा म्हणजे बारीक पाइनच्या पट्ट्या, बाहेर अॅल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लाय, मध्ये काचेची लोकर, हे मी वाचलं होतं. कोपऱ्यांवरच्या पट्ट्यांतून, छताच्या झडपेतून, खिडक्यांच्या कडेतून पाणी शिरतं आणि आतल्या आत लाकूड खातं, हेही माहीत होतं. म्हणून मी ओलावा मोजायचं मीटर नेलं होतं. भिंतीत दोन सुया टोचायच्या, आकडा २० च्या वर गेला की काळजी. मी सहा ठिकाणी टोचलं. सगळीकडे १० ते १२. जमिनीवर टाचा आपटल्या. दगडासारखी घट्ट.

कुणाच्याही पैशाचं नुकसान व्हायच्या आधी त्याला हे कळावं म्हणून सांगतो. पाण्याने भरलेलं, कुजलेलं लाकूड शून्याखाली गोठलं की दगड होतं. पाय आपटा, टोच्याने खोचा, ते दबत नाही. आणि ते मीटर लाकडातून वीज किती वाहते यावरून ओलावा सांगतं. बर्फातून वीज नीट वाहत नाही, म्हणून थबथबलेलं लाकूडही त्याला कोरडं वाटतं. मला हे माहीत नव्हतं. विकणाऱ्याला पुरेपूर माहीत होतं.

आता आठवलं की एकेक गोष्ट जागेवर बसते. मी म्हटलं, जरा हीटर लावून आत बसू या. तर "गॅसची टाकी रिकामी आहे." छतावर फूटभर बर्फ. मी शिडी मागितली. "थंडीत वर चढू नका, रबराला तडे जातील." पाण्याचे नळ चालवून बघता येतील का? "पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरलंय, आता एप्रिलशिवाय नाही." एकेक उत्तर खरं असू शकतं. थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून ते गुलाबी रसायन सगळेच भरतात. पण तिन्ही उत्तरांनी मिळून मला कॅम्परमधलं काहीच तपासू दिलं नाही, हे त्या पार्किंगमध्ये माझ्या ध्यानात आलं नाही.

टायटलवर, म्हणजे मालकीच्या सरकारी कागदावर, नाव एका बाईंचं होतं. सही केलेली, तारीख आणि घेणाऱ्याची जागा कोरी. "माझी आत्या, तिने मला दिला, नावावर करायचं राहून गेलं." २,५०० पौंड आणि त्यावरच्या ट्रेलरला मिशिगनमध्ये टायटल लागतं, ते हातात आहे एवढ्यावरच माझं समाधान झालं. चोरीच्या आणि विम्यात मोडीत निघालेल्या गाड्यांची नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोची फुकट तपासणी मी फोनवर करून घेतली. ती स्वच्छ निघाली. कूज त्यात दिसत नाही. रोख पैसे मोजले, पावती एका ओळीची : "आहे त्या स्थितीत विकला." सोमवारी कचेरीत जाऊन सहा टक्के करही भरला, ४०८ डॉलर.

अंगणात लाकडी चौकटीवर ताडपत्री ताणून मी त्याला मांडव केला. रंग नि गोंद थंडीत वाळत नाहीत, म्हणून आत तेलाचा इलेक्ट्रिक रेडिएटर लावून ठेवला. (बंद कॅम्परमध्ये गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर पेटवून काम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसं त्यात दगावलीत.) पहिल्या दिवशी खिडक्यांच्या काचा घामेजल्या. दुसऱ्या दिवशी वास आला, पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या गोणपाटाचा. तिसऱ्या दिवशी सकाळी बायको मागच्या पलंगापाशी पडदे मापायला गेली आणि तिचा पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला.

तिथलं व्हिनाइल, म्हणजे जमिनीवरचं प्लास्टिकचं आवरण, मी उचललं. अगदी नवं, करड्या लाकडाच्या रेघा आणि मधेच तांबूस गाठी अशी नक्षी. खाली प्लाय नव्हताच, काळा चिखल होता. मग भिंतीचा तुकडा ओढला, तो दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात आला. मागच्या कोपऱ्यातला खांब, ज्याच्यावर छत टेकलेलं असतं, तो मी दोन बोटांनी उपसला. चरकातून चार वेळा गेलेल्या उसाचं चिपाड असतं ना, तसा.

इथपर्यंत म्हणता आलं असतं की जुनी वस्तू आहे, विकणाऱ्यालाही माहीत नसेल. पण त्या कोपऱ्यात जिथे लाकूड पूर्ण गेलं होतं, तिथे डब्यातला पिवळा फोम मारलेला होता. तो फुगल्यावर सुरीने सपाट कापलेला, वर पातळ पुट्टी, वर पांढरा रंग. बोटाने दाबून पाहिलं तर सुरीचे वार रांगेने लागत होते. माणसाने तिथे बसून, खांब नाही हे डोळ्यांनी बघून, खांबाच्या जागी फेस भरला होता. बाहेर छताच्या कडेला सिलिकॉनचे थर थापलेले होते. खरं तर पट्टी काढून तिच्याखाली ब्युटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट पट्टी, घालायची असते. वरून थापलेलं सिलिकॉन कडेने सुटतं, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही.

टायर चकचकीत काळे केलेले होते. टायरवर उठवलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, पण ते एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आतल्या अंगाला होती. पाठीवर झोपून बॅटरीने पाहिलं : १४०९. म्हणजे २००९ चा चौदावा आठवडा. त्या टायरांवर मी लेकीला मागे बसवून चाळीस मैल हायवेने आलो होतो. पैशांपेक्षा या गोष्टीने माझी झोप जास्त उडवली.

त्याचा फोन बंद. टायटलवरच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं. आठवड्याने त्या बाईंचा फोन आला, आवाज बराच थकलेला. त्यांना भाचाच नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो कॅम्पर एका अनोळखी माणसाला ९०० डॉलरला दिला होता, मागचा कोपरा गळतो, भंगारातच काढा, असं बजावून. त्या फोनवर रडायला लागल्या. मीच त्यांची समजूत घातली.

पोलिसांनी नोंद घेतली आणि हा दिवाणी मामला आहे म्हणाले. मिशिगनच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, वकिलाशिवाय ७,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, पण दावा कोणावर? समोरच्याचं नाव आणि पत्ता लागतो. माझ्याकडे ना खरं नाव, ना पत्ता, ना बँकेतला एखादा कागद. त्या दिवशी लायसन्स बघून ते टायटलवरच्या नावाशी ताडून पाहिलं असतं, तर तिथेच सौदा मोडला असता. विकणाऱ्याने गाडी स्वतःच्या नावावर न करता परस्पर पुढे विकली की कागदोपत्री तो माणूस मधे नव्हताच. मला वाटतं, फोमपेक्षाही मोठी लबाडी ही.

घ्यायचाच असेल तर चार पावसं पडून गेल्यावर, मे-जूनमध्ये घ्या. हिवाळ्यात घ्यावाच लागला तर आदल्या दिवसापासून आत हीटर लावून ठेवायला सांगा, विणायच्या सुईएवढा टोच्या घेऊन पलंगाखालचे आणि कपाटांचे कोपरे खोचा, छतावरचा बर्फ स्वतः झाडा. व्यवहार विकणाऱ्याच्या घरी करा, पैसे बँकेच्या चेकने द्या. आणि मुलांना बरोबर नेऊ नका. लेकीच्या डोळ्यांतला आनंद बघून मी घासाघीस करायचं सोडलं होतं.

आई-बाबा जूनमध्ये आले. आम्ही मोटेलांत राहिलो, बाबा जिने बसत बसत चढले. कॅम्पर आता नुसती लोखंडी चेसिस आहे. ती मात्र चांगली निघाली, तिच्यावर नवीन सांगाडा उभा करतोय, सावकाश.

परवा एका सहकाऱ्याने मला जाहिरात दाखवली, घेऊ का म्हणून विचारायला. १४ फुटी कॅम्पर, किंमत ५,५०० डॉलर, फक्त रोख, भेट पार्किंगमध्ये. नंबर वेगळा. आतला फोटो मी मोठा करून पाहिला. करड्या लाकडाच्या रेघा, मधेच तांबूस गाठी. बाहेरच्या फोटोत छतावर फूटभर बर्फ, कुणीही न झाडलेला.