चौसष्ट टक्के चान्स म्हणे! इंदूरच्या एका फॉरेन अॅडमिशन कन्सल्टन्सीचा आमचा अनुभव

आधीच सांगते, नाव लिहिणार नाहीये. विजयनगर साइडला अशी चार-पाच ऑफिसं आहेत त्यातलंच एक, काचेचा दरवाजा, एसी फुल, भिंतीवर लाल विटांच्या जुन्या इमारतींचे फोटो आणि तुम्ही काही बोलायच्या आत समोर कॉफी. ओळखणारे ओळखतीलच.

लेक बारावीत होती, सीबीएसई, फिजिक्सचं वेड, सॅटला (अमेरिकेतल्या प्रवेशाची परीक्षा) 1600 पैकी 1530, आणि अमेरिकेत जायचंय हे तिने दहावीतच जाहीर करून टाकलेलं. आमच्या लोकमान्यनगरात अजूनही पोर हुशार निघालं की भंवरकुआँला कोचिंग लावायचं, जेईई द्यायची, विषय संपला. आणि जेईईचं एक बरं असतं हो, रँक हातात आली की जोसाचे, म्हणजे आयआयटीच्या जागा वाटणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, मागच्या वर्षीचे क्लोजिंग रँक उघडायचे, आयआयटी इंदूरला कुठली ब्रांच कितीवर बंद झाली ते दिसतं, दहा मिनिटात अंदाज येतो. अमेरिकेचं तसलं काही नाही. मार्क बघतात, निबंध बघतात, शिक्षकांची पत्रं बघतात, पोरगी रिकाम्या वेळात काय करते ते पण बघतात, आणि का घेतलं, का नाही घेतलं, कोणी सांगत नाही. म्हणून म्हंटलं कोणीतरी जाणकार गाठू. फी 55 हजार प्लस जीएसटी, म्हणजे 64,900, आणि ह्यांनी चेक लिहिताना माझ्याकडे असं पाहिलं की जाऊ दे.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. चौदा पानं, रंगीत, प्रत्येक युनिव्हर्सिटीपुढे स्कूटरच्या स्पीडोमीटरसारखा गोल आणि त्यात काटा. आठ मोठ्या युनिव्हर्सिट्या, सगळीकडे काटा 12 टक्क्यांच्या आसपास. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात, आठपैकी किमान एका ठिकाणी अॅडमिशनचा चान्स 64 टक्के. समोरचा मुलगा एकदम खुशीत, "आंटी, सिक्स्टी फोर मतलब आधे से भी ऊपर, टेन्शन ही मत लो."

आता मी बँकेत, लोन सेक्शनला बावीस वर्षं. टक्के दिसले की हात आपोआप कॅल्क्युलेटरवर जातो. एका ठिकाणी नाही मिळण्याचा चान्स 0.88, तो आठ वेळा एकमेकांशी गुणला तर 0.36, उरले 64. गणित बरोबर आहे! आणि तिथेच माझं डोकं सटकलं, कारण हे गणित कधी चालतं, जेव्हा आठही निर्णयांचा एकमेकांशी काही संबंध नसतो तेव्हा. समजा मी एकाच बाजारातल्या आठ दुकानांना कर्ज दिलं आणि मॅनेजरला म्हंटलं, साहेब, आठही एकदम कशी बुडतील, तर साहेब मला केबिनबाहेर काढतील, कारण बाजार बसला की आठही बसतात. इथेही तेच. आठही ठिकाणी पोरगी तीच, मार्क तेच, पत्रं तीच आणि, एमआयटीचा वेगळा अर्ज सोडला तर, मुख्य निबंधही तोच. एकाला तो फिका वाटला तर दुसऱ्याला पण वाटायची शक्यता जास्त. मी हे विचारलं तर तो म्हणे, "आंटी, ये एआय बेस्ड है." बरं.

आणि मुळात 12 तरी आले कुठून? एमआयटी स्वतःचे आकडे स्वतःच्या वेबसाइटवर टाकते, ते काही गुपित नाही. 2024 च्या प्रवेशाला 28 हजारांच्या वर अर्ज आणि तेराशेच्या आत प्रवेश, म्हणजे साडेचार टक्के. त्यातही परदेशी मुलांचा हिशोब वेगळा, तो दोन टक्क्यांच्या आसपास. हार्वर्डला त्याच वर्षी 54 हजार अर्ज आणि प्रवेश दोन हजारांच्या आत. मग आमच्या पोरीला सगळीकडे 12 कशाच्या जोरावर? 1530 च्या? अहो, तिथे अर्ज करणाऱ्या परदेशी मुलांमधे 1530 वाले ढिगाने असणार. त्या मार्कांनी तुमची फाइल निदान उघडतात, पुढचं पुढे. आणि ह्यातलं बरंचसं फुकट मिळतं बरं का, अमेरिकेतल्या बहुतेक युनिव्हर्सिट्या दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची पीडीएफ काढतात, त्यात सी7 नावाचा एक तक्ता असतो, मार्क, निबंध, पत्रं, इंटरव्ह्यू कशाला किती वजन देतो ते त्या स्वतःच टिक करून सांगतात. मी एका रविवारी पोहे खाता खाता आठ काढल्या.

खरी मजा लेकीने केली. त्यांच्या पोर्टलचं लॉगिन आमच्याकडे होतंच, तिने स्वतःचीच प्रोफाइल परत भरली, फक्त अॅक्टिव्हिटीमधे कथक काढून तिथे एनजीओ फाउंडर टाकलं. काटा 12 वरून थेट 19! आठ वर्षं घुंगरू बांधून पाय दुखवले त्यापेक्षा दोन शब्द भारी पडले. मग तिने फायनान्शियल एड हवी ह्यावर टिक केलं. काटा हललाच नाही. काढलं, परत टिक केलं. जागचा हलेना.

हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. परदेशी मुलाने पैशाची मदत मागितली की बऱ्याच ठिकाणी ती गोष्ट प्रवेश ठरवताना धरतात. स्टॅनफर्ड हे उघड सांगते, कोलंबिया, कॉर्नेल पण धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलांच्या बाबतीतही पैसा बघत नाहीत. आमच्यासारख्या पगारदार घराला सगळ्यात आधी हे सांगायला हवं होतं, कारण आमची यादीच ह्यावर ठरणार, आणि 14 पानात ह्याचा एक शब्द नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले वो फायनान्स टीम देखती है. फायनान्स टीम म्हणजे एज्युकेशन लोन विकणारा एक मुलगा. त्याला मी व्याजाचा दर विचारला तर त्याने मला फ्लॅट रेट सांगितला (शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज, म्हणजे दर नुसता दिसायला कमी), बँकवालीला!

आता चांगलं काय ते पण लिहिते, नाहीतर म्हणाल बाई नुसतीच चिडलीये. तिथे निबंध बघणारी एक मुलगी होती, पंचविशीतली, कधी आवाज चढवायची नाही. कॉमन अॅपचा (एकच अर्ज भरून बऱ्याच युनिव्हर्सिट्यांना पाठवायची वेबसाइट) मुख्य निबंध 650 शब्दांपर्यंतचा असतो, लेकीने पहिला ड्राफ्ट आजीच्या आजारपणावर लिहिलेला, वाचून माझे तर डोळे भरून आले. त्या मुलीने तो शांतपणे बाजूला ठेवला आणि विचारलं, "संडे को सुबह क्या करती हो?" लेक म्हणाली काही नाही, काकाच्या नमकीनच्या दुकानात बसते. आणि मग निघालं सगळं, की पावसाळ्यात शेव किती दिवसात मऊ पडते हे तिने वहीत लिहायला सुरू केलेलं, डब्यात ओलावा मोजायचं एक छोटं मशीन ठेवलेलं, आणि काकाने पहिल्यांदा ते मशीन उंदराचं औषध समजून फेकून दिलेलं. आम्हाला घरात बसून हे माहीत नव्हतं! त्यावर निबंध झाला, सहा बैठका, त्या मुलीने एकही वाक्य स्वतः लिहिलं नाही, फक्त लेकीला विचारत राहिली. मला विचाराल तर 64,900 मधले जे काही वसूल झाले ते त्या सहा बैठकांचे.

शाळेच्या पत्रांबद्दल मात्र कोणी काही सांगितलं नाही, आमच्या सरांनी सिन्सिअर अँड हार्डवर्किंग असं तीन ओळीत उरकलं. ती चूक आमची पण आहे.

रिझल्ट. एमआयटीचा निकाल 14 मार्चला, तोही त्यांच्या संध्याकाळी 6 वाजून 28 मिनिटांनी (गणितातल्या पायच्या, म्हणजे 3.14 च्या, दुप्पट, 6.28, असला त्यांचा विनोद), म्हणजे आपल्याकडे 15 ची पहाट, 3:58. लेक जागी, मी जागी, हे झोपल्याचं नाटक करत जागे. प्रवेश नाही मिळाला. मार्चअखेरीपर्यंत बाकीचे आले, आठपैकी सात नकार, एक वेटलिस्ट. तुम्ही म्हणाल 36 टक्के ना-चा चान्स होताच की, रिपोर्ट चुकला कुठे. बरोबर आहे, एका पोरीवरून ते सिद्ध होत नाही. पण असा आकडा कधीच चुकत नाही ना, हीच तर गंमत आहे, झालं तरी बरोबर, नाही झालं तरी बरोबर.

जाते आहे ती, दुसऱ्या एका ठिकाणी, निम्मी फी माफ. ती युनिव्हर्सिटी रिपोर्टमधे नव्हतीच, त्या निबंधवाल्या मुलीने जाता जाता सुचवलेली, आणि अर्जाची फी पण नव्हती म्हणून भरून टाकलेली.

तर जायचं असेल तर चान्स रिपोर्टचं पॅकेज घेऊ नका, निबंधाचे तास वेगळे मिळतात, हट्टाने विचारा, ते स्वतःहून सांगत नाहीत. ती मुलगी अजून तिथे आहे का तेही विचारा. माझ्याकडून पाचात दोन स्टार, दोन्ही तिचे.

परवा, म्हणजे सगळे निकाल लागून, व्हिसाचे कागद गोळा करायला लागल्यावर, त्यांच्या पोर्टलवरून मेसेज आला. अभिनंदन, तुमच्या मुलीचा चान्स 64 वरून 68 टक्के झाला आहे, सविस्तर रिपोर्टसाठी रिन्यू करा.